आधी स्क्रू, मग सोल्डर: इलेक्ट्रिक गिटारचा आवाज घरच्या घरी बदलताना

"आवाज बोदा येतो, पिकअप बदलू का?" इलेक्ट्रिक गिटार घेऊन थोडे महिने झाले की हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे. बदला, पण सगळ्यात शेवटी. पिकअप ही या कामातली सगळ्यात महाग वस्तू. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत बाजार धुंडाळला तरी मनासारखा पिकअप सहसा मिळत नाही, तो मागवावाच लागतो. त्याआधी एका स्क्रू-ड्रायव्हरने आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या चार-दोन रुपयांच्या कंडेन्सरने आवाज इतका बदलतो की पुष्कळांना पुढे पिकअपची गरजच उरत नाही.

आवाज ठरतो कुठे

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. ही तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअप मुका राहतो तो यामुळेच. आपल्याकडे मिरवणुकीत वाजणारा कळांचा बेंजो पिकअप लावून वाजवतात, तोही याच तत्त्वावर. त्यामुळे गावात बेंजो दुरुस्त करणारं कोणी असेल तर त्यांच्याशी ओळख ठेवा. निम्मं काम त्यांना येतच असतं.

वेढ्यांची स्वतःची इंडक्टन्स (बदलत्या विजेला अडवायचा गुण, तो हेन्रीत मोजतात) असते आणि गिटारमधून निघणाऱ्या केबलची कपॅसिटन्स (वीज साठवायचा गुण, तो फॅरडमध्ये मोजतात). दोन्ही मिळून वरच्या पट्टीत एका जागी उंचवटा तयार होतो. तिथे आवाज जोरात येतो आणि त्याच्या वर झपाट्याने गळतो. एका कॉइलचा, म्हणजे सिंगल कॉइल पिकअप साधारण अडीच हेन्रीचा असतो. तीन मीटरची केबल जोडली की त्याचा उंचवटा ४,५०० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणून तो खणखणीत. दोन कॉइलचा हंबकर साडेचार हेन्रीच्या घरात, त्याचा उंचवटा ३,३०० च्या जवळ, म्हणून तो जाड. पुढचं प्रत्येक काम या उंचवट्याला खाली सरकवतं, बसकं करतं किंवा मोकळं सोडतं. एवढं लक्षात राहिलं की जोडणीची चित्रं पाठ करावी लागत नाहीत.

पहिला प्रयोग इथेच, आणि तो फुकट आहे. मित्राकडून आखूड केबल आणा आणि तुमच्या लांबलचक केबलशी ताडून बघा. केबलला मीटरमागे शंभर-दीडशे पिकोफॅरड कपॅसिटन्स असते. सहा मीटरच्या केबलने गेलेली टीप, म्हणजे आवाजातला वरचा खणखणीतपणा, तीन मीटरच्या केबलने परत येते.

अर्थिंग, मगच बाकीचं

हा भाग वगळू नका. गिटारच्या तारा ब्रिजमधून वायरने थेट अँप्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे तुमचा हात कायम त्या अर्थवर. घरातलं अर्थिंग धड नसेल आणि अँप्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर वीज तारांवर येते. ओठ माइकला आणि बोटं तारांवर असताना बसणारा झटका जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडे जांभ्याची जमीन. पावसाळ्यात अर्थिंगचा खड्डा ओला असतो तेव्हा सगळं सुरळीत चालतं, पण एप्रिल-मे महिन्यांत कातळ तापून कोरडा पडला की त्याचा उपयोग कमी होत जातो. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायला घरातल्यांना सांगा. थ्री-पिनची जाड पिन कापलेला प्लग वापरू नका. अँप्लिफायरच्या लोखंडी अंगावर किंवा गिटारच्या तारांवर टेस्टर पेटला तर गिटार खाली ठेवा आणि वायरमनला बोलवा. मुख्य बोर्डात अर्थ लीकेज ब्रेकर बसवून घेतलेला उत्तम. टेम्पोवरच्या जनरेटरला बहुतेक वेळा अर्थ नसतोच, त्यामुळे मिरवणुकीत गिटार वाजवणार असाल तर दुप्पट सावध राहा.

साध्या गिटारच्या पोटात धोका नाही. तिथे बॅटरीसुद्धा नसते. अँप्लिफायर मात्र उघडायचा नाही. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहतात.

हत्यारं

पॉट म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचा फिरता रेझिस्टर. त्याची पाठ हा धातूचा मोठा पत्रा, तो उष्णता पटकन ओढून घेतो. पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न तिथे दमतं. चाळीस ते साठ वॉटचं, जरा रुंद टोकाचं घ्या. सोल्डर ६०/४० ची, पोटात रोझिन असलेली. डबीतली आम्लाची पेस्ट लावू नका. ती पत्र्याच्या कामाची, आणि खाऱ्या हवेत तिचा उरलेला अंश जोड आतून खात राहतो. मल्टीमीटरला २,००० किलोओहमची रेंज हवी. शिवाय मगरीच्या जबड्याचे चिमटे लावलेल्या चार वायरी, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि बारीक पॉलिश पेपर. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे वेगळा, तो पॉटमध्ये मारू नका.

गिटार उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा. वरून, बाजूने, आणि वायरींचे रंग दिसतील असे जवळून.

पहिली पायरी: मीठ काढा

समुद्राजवळच्या गावांत गिटारचा आवाज "बिघडतो" तो पुष्कळदा पिकअपमुळे नाही, खाऱ्या हवेमुळे. जॅकच्या पत्तीवर काळपट थर चढतो, स्विचचे कॉन्टॅक्ट हिरवे पडतात, व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते. प्रत्येक पॉटच्या फटीत थोडा क्लीनर मारा आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा. स्विच खटाखटा हलवा. जॅकमध्ये क्लीनर लावलेला प्लग आत-बाहेर करा, पत्ती सैल असेल तर हलक्या हाताने आत वाकवा. हे करून टीप परत आली तर आजचं काम इथेच संपलं.

दुसरी पायरी: पिकअपची उंची

संपूर्ण लेखातली सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि गंमत म्हणजे तिला सोल्डर लागतच नाही. पिकअपच्या दोन्ही टोकांना स्क्रू असतात. सहावी तार, म्हणजे सगळ्यात जाड, शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पिकअपच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. मग पहिल्या तारेचं मोजा. सिंगल कॉइलला जाड तारेकडे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर ही चांगली सुरुवात. हंबकरला २ आणि १.६ च्या आसपास.

पिकअप वर घेतला की आवाज मोठा आणि आक्रमक होतो, खाली नेला की मोकळा आणि गोड. नवा माणूस सगळे स्क्रू वर पिळतो, कारण मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. पण सिंगल कॉइलचे चुंबक थेट तारेखाली असतात. फार जवळ आले तर ते तार ओढतात. मग वरच्या फ्रेटवर जाड तारा सुरात लागतच नाहीत असं वाटतं, सूर डळमळतो, एकाच स्वरातून दोन सूर ऐकू येतात. ट्यूनिंग पेग आणि ब्रिजला दोष देत बसू नका, नेककडचा पिकअप खाली करा.

करायचं असं. ब्रिजकडचा पिकअप आधी बसवा, कारण तिथे तार कमी हलते आणि आवाज जात्या लहान असतो. तो पसंत पडला की स्विच टाकून नेककडचा वाजवा आणि दोघांचा आवाज सारखा वाटेपर्यंत नेककडचा खाली न्या. दर वेळी स्क्रूचा अर्धा फेराच फिरवा, आणि अँप्लिफायरच्या एकाच सेटिंगवर ऐका. त्या संध्याकाळी कान थकतील. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकून मगच ठरवा.

तिसरी पायरी: आत काय आहे ते वाचा

केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम पूर्ण खोला, केबलच्या दुसऱ्या टोकाची अणी आणि तिची बाही यांवर मल्टीमीटर धरा. सिंगल कॉइल सहा-सात किलोओहम दाखवेल, नेहमीचा हंबकर सात ते नऊ, जोरकस हंबकर त्याहून पुष्कळ जास्त. काहीच आकडा आला नाही किंवा शेकड्यांत किलोओहम दिसले तर कुठेतरी तार तुटली आहे. कॉइल, स्विच किंवा जॅक. हा आकडा पिकअपची "ताकद" सांगत नाही, दुकानदार काहीही म्हणोत. तारेची जाडी बदलली तरी तो बदलतो.

आता पॉट बघा. त्यावर ए २५० के, बी ५०० के असं छापलेलं असतं. के म्हणजे किलोओहम. ए म्हणजे कानाला सावकाश वाटणारा लॉग, बी म्हणजे लिनियर, सारख्या पायऱ्यांनी बदलणारा. स्वस्त गिटारींत व्हॉल्यूमलाही बी घातलेला सापडतो. मग आकडा दहावरून सातवर आणेपर्यंत काही होत नाही आणि शेवटी आवाज एकदम पडतो. २५० आणि ५०० मधला फरक असा समजा: पोफळीच्या बागेला पाटाने पाणी नेताना पाटाला भोक असेल तर झाडापर्यंत कमी पोचतं, आणि २५० चं भोक ५०० पेक्षा मोठं. इथे गळते ती टीप. म्हणून चिरक्या सिंगल कॉइलला २५० के शोभतो आणि जाड हंबकरला ५०० के.

पॉट विकत घेण्याआधी फरक ऐकायचा असेल तर ५०० केच्या व्हॉल्यूमच्या इनपुटच्या पायापासून (जिथे पिकअपची वायर येते) ग्राउंडपर्यंत, म्हणजे अर्थच्या वायरीपर्यंत, ४७० किलोओहमचा एक रेझिस्टर चिमट्याने लटकवा. दोघांचं मिळून २४२ किलोओहम भरतं. चिरकेपणा गेला आणि आवडलं तर रेझिस्टर तसाच सोल्डर करून टाका, पॉट बदलायची गरज नाही. पॉट घेतलेच तर मोजून घ्या. ५०० छापलेला ४२० निघणं अगदी सामान्य आहे.

चौथी पायरी: टोनचा कंडेन्सर

टोन पॉटला लोंबणारी चकती म्हणजे कंडेन्सर. तिच्यावरचा आकडा वाचायला सोपा. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, ४७३ म्हणजे ०.०४७, २२३ म्हणजे ०.०२२ आणि १०३ म्हणजे ०.०१. सिंगल कॉइलच्या गिटारींत बहुधा ४७३ असतो, हंबकरवाल्यांत २२३. १९५४ साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार आली तेव्हा तिच्यात ०.१ होता. टोन मिटला की आवाज गोधडीखाली गेल्यासारखा व्हायचा.

टोन पूर्ण उघडा असताना कंडेन्सर कोणताही लावा, कानाला जवळपास फरक पडत नाही, कारण मध्ये पॉटचा अख्खा रेझिस्टन्स उभा असतो. फरक पडतो तो टोन मिटताना. अडीच हेन्रीच्या पिकअपला ४७३ लावून टोन शून्यावर नेला की उंचवटा साडेचारशे हर्ट्झच्या जवळ येतो, म्हणजे निव्वळ ढबढब. १०३ लावला तर तो एक हजाराच्या आसपास थांबतो. आवाज मऊ होतो पण बोलका राहतो, नाकातून गायल्यासारखा. भावगीताच्या साथीला, रेंगाळत्या मींडेला मला हा दुसरा फार आवडतो. माझं मत विचाराल तर बहुतेक गिटारींत कंडेन्सर गरजेपेक्षा मोठा घातलेला असतो.

जुना कंडेन्सर एका पायाने सोडवा, त्या जागी आणि ग्राउंडला वायर लावून दोन्ही बाहेर काढा, टोकांना चिमटे लावा. मग १०३, २२३, ४७३ एकामागून एक लावून ऐका. तेलाचे, कागदाचे, "व्हिंटेज" म्हणून पन्नासपट किमतीला विकले जाणारे कंडेन्सर घेऊ नका. आकडा तोच असेल तर साधा पॉलिएस्टरचा तेच काम करतो.

पाचवी पायरी: व्हॉल्यूम कमी केला की टीप का पळते

ही तक्रार जवळपास प्रत्येकाची. व्हॉल्यूमच्या तीन पायांपैकी एकावर पिकअप येतो, मधल्यावरून आवाज बाहेर जातो, तिसरा ग्राउंडला. व्हॉल्यूम उतरवला की पॉटचा रेझिस्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून टीप खातात.

दोन उपाय आहेत. पहिल्यात नवीन काही लागत नाही: टोनची वायर पिकअपच्या पायावर असते, ती उचलून मधल्या पायावर लावायची. गिब्सन या अमेरिकी कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या गिटारींत अशीच जोडणी होती. टीप बऱ्यापैकी टिकते, मात्र टोन फिरवला की आवाजाची पातळीही थोडी हलते. दुसऱ्या उपायात १०२ आकड्याचा कंडेन्सर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर शेजारी शेजारी ठेवून दोन्ही पिकअपचा पाय आणि मधला पाय यांच्यामध्ये जोडायचे. नुसता कंडेन्सर लावला तर कमी व्हॉल्यूमवर आवाज पातळ आणि टोचरा होतो, रेझिस्टर तो आवरतो. दोन्ही उपाय एकदम करू नका. मी पहिला सुचवेन.

सोल्डर करताना पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, आयर्न तीन-चार सेकंदच टेकवा, सोल्डर आयर्नला नाही तर तापलेल्या धातूला लावा. जोड चकचकीत आणि पसरट दिसला पाहिजे. गोळी होऊन बसला तर तो ड्राय सोल्डर. पुन्हा तापवा.

सहावी पायरी: घरघर

आधी घरघर ओळखा. खर्जातली संथ गुणगुण, जी गिटार फिरवली की कमी-जास्त होते, ती चुंबकीय. जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून ५० हर्ट्झची वीज कॉइलमध्ये शिरते. पत्रा, टेप, काहीही लावलं तरी सिंगल कॉइलमधून ती पूर्ण जात नाही. हंबकर याचसाठी जन्मला. इंजिनिअर सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी १९५५ साली पेटंटचा अर्ज केला, त्यात दोन कॉइल उलट वेढ्यांच्या आणि उलट चुंबकांच्या होत्या, म्हणजे गुणगुण एकमेकींना कापते आणि तारेचा आवाज जोडला जातो. तीन पिकअपच्या बऱ्याच गिटारींत मधला पिकअप असाच उलटा असतो. म्हणून पाच जागांच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी गिटार शांत होते.

कर्कश, भुणभुणणारा आवाज वेगळा. पंख्याचे रेग्युलेटर, एलईडीच्या माळा, मंडपातले डिमर ही त्याची घरं. त्याला आडोसा चालतो. पिकगार्डखालच्या खळग्यात तांब्याची चिकट टेप लावा, पट्ट्या एकमेकींवर चढवा आणि प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका द्या. दमट हवेत नुसत्या गोंदावर भरवसा ठेवू नका. मल्टीमीटरने सगळीकडे जोड लागतोय का बघा आणि टेप एका वायरने ग्राउंडला जोडा. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चालते, पण तिला सोल्डर धरत नाही, वायर स्क्रूखाली दाबावी लागते. पॉटचे पाय टेपला टेकत असतील तिथे इन्सुलेशन टेप लावा, नाहीतर गिटार एकदम मुकी होईल.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते? ते बरोबर आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवरच्या वायरी उलट लागल्या आहेत का ते आधी बघा.

सातवी पायरी: एका हंबकरमधून दोन आवाज

हंबकरमधून चार रंगीत वायरी आणि एक उघडी वायर निघत असेल तरच हे जमतं. रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा, तेव्हा कंपनीचंच चित्र बघा. दोन वायरी एकमेकींना जोडून टेप गुंडाळलेली असते, तो दोन कॉइलमधला सांधा. ओढायचा पॉट म्हणजे ज्याच्या पोटात स्विचही असतो असा पॉट. हा सांधा त्याच्या स्विचच्या मधल्या पायाला आणि शेजारचा पाय ग्राउंडला जोडला की नॉब वर ओढल्यावर एक कॉइल बंद पडते. आवाज बारीक होतो, पातळी पडते आणि गुणगुण परत येते. पातळी फारच पडत असेल तर सांधा थेट ग्राउंड करण्याऐवजी मध्ये दोन ते पाच किलोओहमचा रेझिस्टर घाला. दोन्ही कॉइल समांतर जोडणं हा माझ्या मते जास्त शहाणा पर्याय. आवाज उजळतो आणि गुणगुणही येत नाही. वायरिंग मात्र जरा किचकट.

आणि मग पिकअप

एवढं सगळं करूनही आवाज मनासारखा नसेल तर खुशाल नवा पिकअप आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला पॉट, स्विच, कंडेन्सर सगळं मिळतं. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याला यादी आधीच पाठवा, आणि यादीत पॉटच्या दांड्याचा व्यास आणि लांबीही लिहा, नाहीतर नॉब बसणार नाही. पिकअप मागवण्याआधी पहिल्या आणि सहाव्या तारेमधलं अंतर पिकअपच्या वर मोजा. हंबकर साधारण ५० आणि ५३ मिलिमीटर अशा दोन रुंदींत येतात. अ‍ॅल्निको २ चुंबक मऊ, अ‍ॅल्निको ५ ठसठशीत, सिरॅमिक धारदार अशी ढोबळ ओळख धरून चाला, पण वेढे किती यावरही तितकंच अवलंबून असतं.

बसवण्याआधी फेज तपासा, म्हणजे दोन पिकअपची वीज एकाच दिशेने जाते का ते बघा. मल्टीमीटर ओहमवर ठेवून पिकअपला जोडा, माथ्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून झटक्यात उचला आणि आकडा क्षणभर वर जातो की खाली ते बघा. शेजारच्या पिकअपचंही तसंच बघा. दोघांचे आकडे विरुद्ध दिशेला गेले तर एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, नाकातला येईल. मग एका पिकअपची गरम (आवाजाचा सिग्नल नेणारी) वायर आणि ग्राउंड यांची अदलाबदल करा. धातूचं झाकण ग्राउंडच्या वायरला जोडलेलं असेल तर ते आधी सोडवून स्वतंत्र ग्राउंड करावं लागतं, नाहीतर झाकणच अँटेना होतं.

तारा चढवण्याआधी केबल लावून प्रत्येक पिकअपच्या माथ्यावर स्क्रू-ड्रायव्हरने टकटक करा. स्विचच्या ज्या जागी जो पिकअप असायला हवा तोच वाजतोय ना, हे तिथेच कळतं. जुना पिकअप वायरींची लांबी न कापता, सिलिका जेलची पुडी टाकून हवाबंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात बाहेर राहिला तर लोखंडी खिळ्यांना गंज धरतो. पुढे गिटार विकायची झाली तर मूळ पिकअप असल्याचा भाव वेगळा मिळतो.